भिंतीच्या पायाशी चार इंच

सोलापूरहून पुण्याच्या दिशेला निघालं की केगावचं विद्यापीठ लागतं, मग कोंडी आणि त्यापुढे चिंचोळी एमआयडीसी. तालुका मोहोळ, पण इथल्या कामगारांचा बाजार, दवाखाना, मुलांची शाळा बहुतेक सोलापुरात. वसाहतीत रसायनांचे, औषधांच्या कच्च्या मालाचे, वाहनांच्या सुट्या भागांचे कारखाने आहेत. जिथे कारखाने येतात तिथे आसपासच्या गावांत भाड्याच्या खोल्या, रो-हाउस आणि प्लॉटवरची एकमजली घरंही येतात. अशा घराचा मालक बहुधा आयुष्यात पहिल्यांदाच घर बांधत असतो. फरशीचा रंग ठरवायला तो सहकुटुंब दुकानात जातो, दहा नमुने उजेडात धरून बघतो. स्कर्टिंगचा प्रश्न मात्र फरशीवाला काम निम्म्यावर आल्यावर विचारतो: "साहेब, पट्टी चार इंचच ना?" मालक म्हणतो, "हो, लावा."

त्या एका 'हो'मध्ये पाच-सहा निर्णय होऊन जातात आणि ते सगळे गिलाव्याच्या आधी व्हायला हवे होते. भिंतीच्या तळाशी फिरणारी ही पट्टी घरातल्या सर्वांत स्वस्त कामांपैकी एक. ती चुकली तर मात्र दर दोन वर्षांनी भिंतीचा तळ रंगवत बसावं लागतं.

पट्टीची कामं

भिंत आणि फरशी एकमेकींना चिकटलेल्या दिसतात, पण त्या एकत्र हलत नाहीत. भिंतीचं वजन पायात जातं. फरशी बसलेली असते भरावावर, म्हणजे जोत्याच्या आत टाकून दाबलेल्या मुरमावर आणि त्यावरच्या साध्या काँक्रीटच्या थरावर (पीसीसी). भराव हळूहळू बसतो, भिंत तितकी बसत नाही. उन्हाळ्यात सोलापूरचा पारा चाळीस अंशांच्या वर जातो आणि हिवाळ्यात पहाटे चांगला खाली येतो. तेवढ्याने दोघींचं प्रसरण-आकुंचन वेगवेगळं होतं. शिवाय फरशीची कापलेली कडा कुठे भिंतीला टेकते, कुठे पाच मिलिमीटर अलीकडे राहते. हा सांधा झाकणं हे पट्टीचं पहिलं काम. तो उघडा राहिला तर धूळ, मुंग्या, झुरळं आणि सांडलेलं पाणी, सगळे त्यातून आत जातात.

दुसरं काम पाण्यापासून बचावाचं. आपल्याकडे फरशी रोज ओल्या फडक्याने पुसली जाते, सणाला बादलीने धुतली जाते. गिलावा आणि त्यावरचा रंग हे रोजचं ओलं फडकं सोसत नाहीत, डिस्टेंपर तर मुळीच नाही. काही महिन्यांत तळाशी राखाडी पट्टा उमटतो, मग रंग फुगतो, मग पोपडे.

तिसरं काम धक्क्यांचं: केरसुणीची मूठ, पलंगाचे पाय, सरकवलेला गॅस सिलिंडर, रात्री आत घेतलेली दुचाकी. गिलाव्याचा तळ आधीच कमजोर असतो, कारण काम करताना खाली पडलेला अर्धवट आवळलेला माल गोळा करून पुष्कळदा तिथेच मारला जातो.

चौथं काम दिसण्याचं. भिंतीचा रंग आणि फरशी यांच्यामधे एक स्वच्छ रेघ आली की खोली पूर्ण झाल्यासारखी वाटते. हे काम खरं आहे, पण ते चौथंच. बाजारात मात्र तेच पहिलं सांगितलं जातं.

आणि एक काम पट्टी करत नाही: ती ओल थांबवत नाही. हे पुढे सविस्तर येईल.

सारवण, गेरू, शहाबाद

मातीच्या घरांतही हा विचार होताच. सोलापूर आणि मराठवाड्याकडची धाब्याची घरं म्हणजे दगडमातीच्या जाड भिंती, वर लाकडी तुळया, त्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर. जमीन शेणाने सारवताना बायकांचा हात भिंतीपाशी थांबत नसे. सारवण वीतभर वर चढवलं जाई. दिवाळीआधी भिंतींना चुना लागला की तळाशी गेरूचा पट्टा ओढायचा. चुन्याच्या पांढऱ्यावर जो मळ लगेच दिसला असता तो गेरूत लपायचा, आणि पट्टा खराब झाला तरी पुढच्या वर्षी नवा ओढणं हे एका सकाळचं काम होतं. दुरुस्ती सोपी ठेवणारी ही रीत मला आजच्या कितीतरी महागड्या पट्ट्यांपेक्षा शहाणी वाटते.

मग दगड आला. सोलापूरहून रेल्वेने वाडीकडे जाताना कलबुर्गी मागे टाकलं की शहाबाद लागतं. तिथला थरांचा चुनखडी दगड, म्हणजे आपली शहाबादी फरशी, सोलापूरला अंतराने जवळ आणि म्हणून स्वस्त. जुन्या सोलापुरातल्या अनेक घरांत जमिनीला शहाबादी आणि तळाला त्याच दगडाची पट्टी दिसते. हा दगड धक्का उत्तम सोसतो. त्याला ॲसिड मात्र चालत नाही. डाग काढायला ॲसिड ओतलं की चुनखडी विरघळते आणि दगड खरखरीत होतो.

ज्यांना दगड परवडला नाही त्यांनी कोबा केला आणि कोब्याचीच पट्टी भिंतीवर चढवली. सरकारी कामांत तिचं मापही ठरलेलं आहे. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाच्या दरसूचीत १८ मिलिमीटर जाडीची, एकास तीन प्रमाणाच्या मालाची, वरून सिमेंट घोटलेली पट्टी ३० सेंटिमीटर उंचीपर्यंत स्कर्टिंग म्हणून धरतात. त्याहून उंच गेलं की तो डॅडो.

डॅडोचा विषय सोलापुरात जरा वेगळा आहे, कारण इथली कितीतरी घरं हीच कामाची जागा आहे. विडी वळणाऱ्या स्त्रिया तासन्‌तास जमिनीवर, भिंतीला पाठ टेकून बसतात. सोलापूरजवळच्या कुंभारीला त्यांच्यासाठी गोदूताई परुळेकर यांच्या नावाची दहा हजार घरांची वसाहत झाली, नंतर रे नगरचा तीस हजार घरांचा प्रकल्प आला. त्यातल्या पहिल्या पंधरा हजार घरांचं हस्तांतरण १९ जानेवारी २०२४ ला झालं. अशा छोट्या घरात भिंत खराब होते ती चार इंचांच्या वर: पाठीच्या घामाने आणि डोक्याच्या तेलाने. तिथे उंच पट्टीपेक्षा उपयोगी पडतो तो साडेतीन-चार फुटांपर्यंतचा ऑइलपेंटचा पट्टा, जो आपण शाळेत, एसटी स्टँडवर आणि सरकारी दवाखान्यात पाहत आलो आहोत. जमिनीवर बसणाऱ्या घरात खाली दगडी पट्टी आणि वर धुता येणारा रंग, ही जोडी मी डोळे झाकून सुचवेन.

लाकडी पट्टी

इंटिरिअरच्या व्हिडिओंत दिसणारी उंच, पांढरी, नक्षीची लाकडी पट्टी सुंदर असते, पण ती वेगळ्या बांधणीतून आली आहे. अमेरिकेत घराचा सांगाडा लाकडाचा आणि भिंत जिप्समच्या बोर्डाची असते. जिप्सम पाणी शोषतं म्हणून बोर्ड जमिनीपासून सुमारे अर्धा इंच वर ठेवतात आणि ती फट झाकायला लाकडी पट्टी ठोकतात. खाली लाकडी जमीन किंवा गालिचा. बादलीभर पाणी ओतायची वेळच येत नाही. न्यू जर्सीतल्या मराठी कुटुंबाच्या घरात ती पट्टी योग्यच आहे. सोलापुरात भिंत विटांची आणि जमीन धुण्याची आहे. ती आणायचीच असेल तर निदान वरच्या मजल्यावरच्या कोरड्या खोलीत आणा.

काळी माती आणि बोअरचं पाणी

सोलापूरला वर्षाला साडेपाचशे-सहाशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. कोकणाच्या मानाने हे काहीच नाही, म्हणून इथे घर बांधणाऱ्याला वाटतं की ओल हा आपला प्रश्न नव्हे. इथली ओल दिसते वेगळी, म्हणून ती ओळखू येत नाही.

वीट आणि गिलावा जमिनीतलं पाणी वर ओढतात, जशी वात तेल ओढते. कोकणात भिंत ओली, काळपट, शेवाळलेली दिसते. सोलापूरच्या कोरड्या गरम हवेत ते पाणी भिंतीच्या पृष्ठभागाशी पोचताच उडून जातं, आणि पाण्यात विरघळलेले क्षार मागे राहतात. ते स्फटिक होऊन फुगतात आणि रंगाला आतून ढकलतात. भिंत हाताला कोरडी लागते, पण रंगाखाली पांढरी भुकटी असते. यालाच आपण लोणा लागला म्हणतो. बांधकामाला आणि पाणी मारायला क्षारांचं बोअरचं पाणी वापरलं असेल तर हे क्षार भिंतीत आधीपासूनच असतात. जमिनीतून वर येणारे त्यात भर घालतात.

आता या भिंतीवर टाइलची पट्टी बसवली तर काय होतं? टाइलमधून पाणी बाहेर पडू शकत नाही. ते आणखी वर चढतं आणि पट्टीच्या डोक्यावर लोणा फुटतो. काही जण वैतागून तीन फुटांपर्यंत टाइल लावतात. मग लोणा तीन फुटांच्या वर येतो. आजार झाकला, की तो पुढे सरकतो.

उपाय जोत्यापाशी आहे. पहिला, जोत्याच्या माथ्यावर डीपीसीचा, म्हणजे ओल रोखणारा, अखंड थर. दुसरा, जोत्याची उंची: राष्ट्रीय इमारत संहितेप्रमाणे ते भोवतालच्या जमिनीपासून किमान ४५ सेंटिमीटर वर हवं. बांधताना ते असतं, पण नंतर रस्ता वाढतो, अंगणात भर पडते आणि काही वर्षांत जोतं वीतभर उरतं. तिसरा, घराभोवती बाहेरच्या बाजूला उतार असलेला कोबा, ज्याला प्लिंथ प्रोटेक्शन म्हणतात. काळ्या मातीच्या प्लॉटवर पावसाचं पाणी पटकन मुरत नाही, ते भिंतीला लागून उभं राहतं. हा कोबा त्याला दूर करतो. पैसे कमी पडत असतील तर आतल्या पट्टीवरचे वाचवून इथे घाला.

काळी माती दुसराही एक त्रास देते. तिच्यात मॉन्टमोरिलोनाइट नावाची चिकणमाती भरपूर असते. ती पाणी प्यायली की फुगते, वाळली की आक्रसते. उन्हाळ्यात शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात त्या यामुळेच. पायाच्या खड्ड्यातून निघालेली हीच माती खर्च वाचवायला जोत्यात भराव म्हणून टाकली तर फरशी पावसाळ्यात उचलली जाते आणि उन्हाळ्यात बसते. जोत्यात मुरूमच हवा, तोही थराथराने, पाणी मारून, दाबून. भराव चालू असताना मालक जागेवर असावा, असं घर बांधणाऱ्या प्रत्येकाला मी सांगते. फरशीखाली काय आहे हे पुन्हा कधी दिसणार नसतं.

पट्टी काय सांगते

घर विकत किंवा भाड्याने घेताना लोक नळ सोडून बघतात, पंखा लावून बघतात. मी आधी खाली बसून पट्टी बघते. भिंतीला नवा रंग देऊन पुष्कळ काही लपवता येतं, पण पट्टीजवळचा सांधा फार काळ गप्प बसत नाही.

पट्टीच्या खाली, फरशीलगत, सगळ्या खोलीभर सारखी फट असेल तर भराव एकसारखा बसला आहे. नवीन घरात थोडी फट पडणं स्वाभाविक आहे. दोन वर्षांनंतरही ती वाढत असेल तर भराव नीट दाबलेला नाही. फट एकाच कोपऱ्यात असेल तर तिथे पाणी मुरतंय का ते पाहा. भिंतीपलीकडे मोरी, न्हाणी किंवा बाहेरच्या बाजूला पागोळीचं पाणी पडण्याची जागा असते.

बोटाच्या पेराने पट्टीवर टकटक करा. भरीव वाजली तर ठीक. पोकळ वाजली तर मागे माल पूर्ण नाही, चार ठिकाणी गोळे लावून चिकटवली आहे. अशी पट्टी पलंगाच्या एका धक्क्याने सुटते आणि सुटेपर्यंत झुरळांना आसरा देते.

पट्टीच्या वर पांढरी भुकटी म्हणजे लोणा. पट्टीमागून निघून चौकटीकडे गेलेली मातीची बारीक नळी म्हणजे वाळवी. ती उजेड टाळत पोकळीतून प्रवास करते, म्हणून पोकळ पट्टी तिच्या सोयीची. पायाभरणीच्या वेळी करायच्या वाळवीप्रतिबंधक प्रक्रियेसाठी भारतीय मानक ६३१३ आहे. ती करून घेतली का, हे बिल्डरला विचारायला संकोचू नका.

आणि पट्टीपासून सुरू होऊन भिंतीवर तिरकी वर गेलेली, एका टोकाला रुंद होत जाणारी भेग दिसली, तर तो पट्टीचा किंवा गिलाव्याचा विषय राहत नाही. पाया हलला असण्याची शक्यता असते. तिथे मिस्त्रीचं मत पुरेसं नाही, इंजिनिअरला बोलवावं.

कोणती पट्टी

तळमजल्यावर आणि जिथे पाणी येतं तिथे दगड किंवा टाइल. शहाबादी, कोटा, ग्रॅनाइट, व्हिट्रिफाइड, यांतलं जे फरशीला असेल तेच पट्टीला घेतलं तर कापलेले तुकडे वापरात येतात आणि रंगही जुळतो. मळ लपवायचा असेल तर पट्टी फरशीपेक्षा एक छटा गडद घ्या. पांढऱ्या फरशीला काळी ग्रॅनाइटची पट्टी ही फॅशन सोलापूरच्या धुळीत फारशी टिकत नाही, कारण काळ्या चकचकीत दगडावर धूळ पांढऱ्याइतकीच दिसते. करडा किंवा बदामी रंग निभावून नेतो. शहराच्या पूर्व भागात जिथे घरातच किंवा शेजारी यंत्रमाग चालतात, तिथे सुताची तूस तळाशी साठते. तिथे पट्टीला नक्षी, खाच, गोलवा काही नको, सपाट पट्टीच बरी.

एमडीएफची (दाबलेल्या लाकडी तंतूंची) पट्टी सोपी, स्वस्त, रंगवता येणारी. पण तिची कापलेली खालची कडा पाणी पिते आणि फुगते. एकदा फुगलेली पुन्हा बसत नाही. सागवानी पट्टी टिकते, मात्र वाळवीचा भाग असेल तर तिची पाठही पॉलिश किंवा औषध लावलेली हवी. पीव्हीसी आणि डब्ल्यूपीसी (लाकूड-प्लास्टिकचं मिश्रण) यांना पाण्याची भीती नाही. भाड्याच्या घरात आणि जुन्या फरशीवर ती चांगली सोय आहे. काही पट्ट्यांत आतून वायर न्यायला खाच असते. तिच्यातून इंटरनेटची किंवा टीव्हीची वायर खुशाल न्या. घराच्या मुख्य विजेची वायर मात्र त्यासाठीच बनवलेल्या केसिंगमधूनच जावी, कारण पट्टीला रोज ओलं फडकं लागतं.

व्हिट्रिफाइड लावताना एक गोष्ट नक्की पाहा. ही टाइल अर्ध्या टक्क्याहूनही कमी पाणी शोषते, म्हणून साध्या सिमेंटच्या रबडीला ती नीट धरत नाही. पाठीवरची पांढरी भुकटी पुसून, टाइल ॲडहेसिव्ह सगळीकडे पसरून बसवली तरच ती पोकळ वाजत नाही.

चार की पावणेचार

'चार इंच' ही रूढ उंची आहे आणि ती बरोबरही आहे: पुसण्याचं फडकं तिच्या वर जात नाही. जिना, पार्किंग, व्हरांडा अशा धुण्याच्या जागी सहा इंच घ्या. पण टाइलची पट्टी कापताना चार आणि पावणेचार यांत पैशांचा फरक पडतो, तो असा.

बाजारात 'दोन बाय दोन' म्हणतात ती टाइल असते ६०० मिलिमीटरची, म्हणजे दोन फुटांना थोडी कमी. चार इंच म्हणजे साधारण १०२ मिलिमीटर. अशा सहा पट्ट्या ६०० मध्ये बसत नाहीत. पाच निघतात आणि तीन इंचांचा तुकडा वाया जातो. उंची पावणेचार इंच, म्हणजे ९५ मिलिमीटर ठेवली, तर सहा पट्ट्यांचे ५७० आणि पाच कापांत ब्लेडने खाल्लेले पंधराएक मिलिमीटर मिळून ५८५ होतात. सहाच्या सहा निघतात.

दहा बाय बाराची खोली धरू. चारी भिंती मिळून ४४ फूट, तीन फुटांचं दार वजा करून ४१. पाच पट्ट्यांच्या हिशेबाने एका टाइलमधून पावणेदहा फूट निघतात, म्हणजे पाच टाइल लागतात. सहाच्या हिशेबाने पावणेबारा फूट, म्हणजे चार. एका खोलीत एक टाइल. तीन खोल्या, हॉल आणि स्वयंपाकघर धरलं तर एक पेटी वाचू शकते. पाव इंच कुणाच्या डोळ्यांना कळत नाही.

यात एक अडचण आहे. टाइलच्या सहा पट्ट्यांपैकी कारखान्याची मूळ कड फक्त दोघींनाच मिळते, बाकीच्यांच्या दोन्ही कडा कापलेल्या. कापलेली कड धारदार असते, मुलांच्या पायाला लागते. वरच्या कडेला पॉलिश किंवा हलका उतार मारून घ्यायचं आधीच ठरवा. हे काम रनिंग फुटाच्या वेगळ्या दराने होतं आणि नंतर सांगितलं तर त्यावरून वाद होतात.

गिलाव्याच्या आत की बाहेर

नेहमीची पद्धत अशी: भिंतीला खालपर्यंत गिलावा, त्यावर पट्टी. टाइल आणि मागचा माल मिळून पट्टी भिंतीच्या बाहेर अर्धा-पाऊण इंच येते. तिच्या डोक्यावर एक अरुंद फळी तयार होते आणि सोलापुरात त्या फळीवर रोज धूळ बसते. कपाट भिंतीला टेकत नाही, मागे बोटभर जागा राहते. त्यात पडलेली पेन्सिल कुणालाच सापडत नाही.

दुसरी पद्धत म्हणजे गिलावा तळाशी पट्टीच्या उंचीएवढा अलीकडे थांबवायचा आणि पट्टी त्या मोकळ्या जागेत बसवायची, म्हणजे तिचा चेहरा भिंतीच्या सपाटीत येतो. धूळ बसायला जागा नाही, कपाट चिकटून बसतं. छोट्या घरात ही पद्धत अधिकच मोलाची. तिला गिलाव्याच्या वेळी तळाशी लाकडी बत्ता लावून रेघ ठेवावी लागते, आणि फरशीची अंतिम पातळी तेव्हाच नक्की ठरलेली असावी लागते. गिलावा झाल्यावर ही पद्धत हवी म्हटलं तर कटरने भिंत कापावी लागते: धुळीचं, खर्चाचं काम, आणि ठोकून कापलं तर वरचा गिलावाही सुटतो. म्हणूनच पट्टीचा निर्णय गिलाव्याच्या आधी घ्यायचा.

सपाटीतल्या पट्टीत रंग आणि टाइल यांच्या सांध्यावर केसासारखी भेग पडू शकते. तिथे तीन-चार मिलिमीटरची सरळ खाच ठेवली तर भेग खाचेतच राहते, दिसत नाही. चांगला मिस्त्री ही खाच स्वतःहून सुचवतो.

कारखान्यातला गोल कोपरा

चिंचोळीत स्मृती ऑर्गॅनिक्ससारखी औषधांचा कच्चा माल बनवणारी कंपनी आहे, बालाजी अमाइन्सचं रसायनांचं उत्पादन आहे. औषधनिर्मितीच्या जागेसाठी औषध नियम, १९४५ मधली अनुसूची एम लागू असते. डिसेंबर २०२३ मध्ये ती नव्याने अधिसूचित झाली. भिंती आणि जमिनी गुळगुळीत, भेगा नसलेल्या, सहज स्वच्छ करता येतील अशा असाव्यात, हा तिचा आग्रह. त्यामुळे औषधांच्या स्वच्छ विभागांत भिंत आणि जमीन काटकोनात भेटत नाहीत; इपॉक्सीची जमीन गोलाई घेऊन भिंतीवर चढते. याला कोव्हिंग म्हणतात. काटकोनातला कोपरा कुठल्याच फडक्याने पूर्ण पुसला जात नाही, आणि औषधाच्या खोलीत तिथे राहिलेला कणही पुढच्या मालात जाऊ शकतो.

दिवसभर अशा जमिनीवर काम करून घरी येणाऱ्याने हे घरात का आणू नये? टाइलच्या घरात गोलाई देणं कठीण आहे, पण आपल्या गवंड्यांना तत्त्व जुनंच माहीत आहे. गच्चीवर ब्रिकबॅट कोबा करताना कठड्याच्या पायाशी ते वाटा मारतात, म्हणजे सिमेंटचा गोल उतार, ज्यामुळे पाणी कोपऱ्यात थांबत नाही. जुन्या सरकारी दवाखान्यांतल्या ओतीव मोझॅकच्या जमिनीही अशाच गोल होऊन भिंतीवर चढलेल्या आहेत. घरात मोरी, धुण्याची जागा आणि न्हाणीघर इथे वॉटरप्रूफिंगच्या वेळी टाइलच्या खाली वाटा मारून घ्यायलाच हवा. गळती बहुतेक वेळा याच कोपऱ्यातून सुरू होते. टाइलच्या वर गोलाई हवी असेल तर सिरॅमिकच्या आणि पीव्हीसीच्या पाव-गोल पट्ट्या मिळतात.

जुन्या घरात

सुटलेली पट्टी पुन्हा चिकटवण्याआधी ती का सुटली ते शोधा. मागे ओल असेल तर आधी ओलीचा उगम बंद करा, मग तळाचा लोणा लागलेला गिलावा विटेपर्यंत काढून भिंत आठवडा-दोन आठवडे सुकू द्या. लोणा आधी कोरड्या ब्रशने झाडायचा. पाण्याने धुतला तर क्षार विरघळून परत भिंतीत जातात.

पट्टीखालची फट लोक व्हाइट सिमेंटने भरतात आणि ती वर्षभरात पुन्हा उघडते, कारण कडक माल हालचाल सोसत नाही. तिथे लवचीक सीलंट लागतो: कोरड्या खोलीत रंगवता येणारा ॲक्रिलिक, ओल्या जागी सिलिकॉन. नवीन घर असेल तर घाई करू नका. एक पूर्ण पावसाळा आणि एक उन्हाळा जाऊ द्या. काळ्या मातीवरच्या घराची जी काय बसण्या-उचलण्याची हालचाल असते ती तेवढ्यात बरीचशी दिसून येते. मग भरलेली फट पुष्कळ वर्षं टिकते.

मजुरी ठरवताना पट्टी रनिंग फुटावर मोजतात. दारांच्या उघड्या जागा वजा होणार का, भिंतीतल्या कपाटांच्या आतून पट्टी फिरवायची का, कोपऱ्यातले जोड पंचेचाळीस अंशात कापायचे की नुसते टेकवायचे, हे तिन्ही मुद्दे कामाआधी कागदावर लिहून घ्या. बाहेर आलेल्या कोपऱ्यांवर पंचेचाळीसचा जोड आग्रहाने मागा, कारण टेकवलेल्या जोडाची धार उघडी राहते आणि रांगणारं मूल आधार घ्यायला नेमकं तिथेच हात टाकतं.